कठड्याकडची दोरी

हॉस्पिटलच्या धुलाईघराची गच्ची चौथ्या मजल्यावर. तिथे चादरी वाळत घालायच्या दोऱ्या एकीमागे एक ताणलेल्या, आणि त्यातली कठड्याकडची दोरी मावशीची. म्हणजे तशी ती हॉस्पिटलचीच; पण तिच्यावर काय घालायचं ते मावशी ठरवायची, आणि इतक्या वर्षांत त्यात तिला कुणी आडवं गेलं नव्हतं. बाकीच्या दोऱ्यांवर वॉर्डातल्या पांढऱ्या चादरी वाऱ्याशी गप्पा मारत डोलायच्या. कठड्याकडच्या दोरीवर मात्र एक तर लाल ब्लँकेट असायचं, नाही तर ऑपरेशन थिएटरची हिरवी चादर, नाही तर ती मोकळी असायची.

सध्या ती मोकळी होती. मोकळी दोरी वाऱ्यात नुसती गुणगुणते. तो आवाज अलीकडे मावशीला सोसवत नसे.

गच्चीखाली रस्ता, रस्त्यापलीकडे उंच भिंत, आणि भिंतीपलीकडे क्लबचं सरावाचं मैदान. फुटबॉलचा मोसम चालू असला की ते मैदान म्हणजे माहेरचं अंगण. कुणीही जावं, हवं तितकं बघावं. पण मोसम संपून, सुट्टी उपभोगून खेळाडू परत आले की फाटकं बंद. नव्या मोसमात कुणाला ठेवायचं आणि कुणाला नारळ द्यायचा, ते त्या बंद फाटकांआड ठरायचं, आणि चाहत्यांनी बाहेर तळमळत बसायचं. गच्चीला मात्र फाटक नव्हतं.

सरावाला खेळाडूंच्या अंगावर बिनबाह्यांची पातळ जाकिटं असत. लाल जाकीट म्हणजे पक्का संघ. हिरवं म्हणजे अजून पारख चालू आहे, पण आहेस आमच्यातला. आणि ज्याला कुठलंच जाकीट नाही तो राखाडी शर्टात, मैदानाच्या एका कोपऱ्यात, एकटा. मावशी वरून बघायची आणि दोरीवर सांगायची. सगळ्या संघाची नव्हे, एकाच खेळाडूची बातमी. त्या वर्षी ज्याच्यापायी सगळ्यांचा जीव टांगणीला लागलाय त्याची. मागच्या वर्षी म्हातारा गोलकीपर खांद्याच्या दुखण्यातून उठला आणि दोरीवर लाल ब्लँकेट फडकलं, तेव्हा खाली रस्त्यावर इतके हॉर्न वाजले की वॉर्डातल्या पेशंटांनी तक्रार केली. सुपरवायझर जाब विचारायला आला, तर मावशी म्हणाली, "ब्लँकेट ओलं होतं, वाळत घातलं. हॉर्नचं मला काय ठाऊक?"

या वर्षी ती दोरी भिंगरीची होती.

भिंगरी हे नाव त्याला मावशीनेच दिलेलं. उजव्या बाजूने चेंडू घेऊन यायचा, समोर कुणी आडवा आला की एका पायावर गर्रकन फिरायचा आणि पलीकडे निघून जायचा. आडवा आलेला तिथेच उभा, हरवलेली वस्तू शोधत असल्यासारखा. त्याचं गाणंही मावशीचंच. तिची सगळी गाणी घडीच्या टेबलाशी जन्मायची. मोठी चादर एकटीने घडी होत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची, ताणायची, झटकायची, मग चालत एकमेकींकडे यायचं, टोकं हातात द्यायची, पुन्हा मागे सरायचं. त्या येण्याजाण्याला आपोआप ठेका येतो, आणि ठेक्याला शब्द येतात. समोरच्या टोकाला कायम तिची नणंद असायची, आणि तिला फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नसलं तरी गाणी सगळी पाठ होती.

*भिंगरी आली, भिंगरी आली,*
*वाट सोडा, वाट सोडा,*
*एका गिरकीत उडून जाईल*
*पहाऱ्याचा लाकडी घोडा —*
*फिर! फिर! फिर!*

अख्खं स्टेडियम हे गायचं. मावशीने उचलायचं, पिंप्याने ठेका धरायचा, आणि मग हजारो गळे. पिंप्या म्हणजे खालचा टायरवाला. निळं प्लास्टिकचं पिंप गळ्यात उलटं टांगून काठीने वाजवायचा, म्हणून पिंप्या. तिसऱ्या 'फिर'ला भिंगरी फिरायचाच. चेंडू पायात असो नसो, गाणं कानावर पडलं की त्याचं अंग त्याचं राहत नसे. लोक म्हणायचे, आपणच फिरवतो त्याला, दोरी आपल्या हातात आहे.

मागच्या मोसमाच्या शेवटी शेवटी तो तिसऱ्या 'फिर'ला फिरला, पण पाय फिरला नाही. पाय गवतात रुतून राहिला आणि वरचं अंग वळलं. गुडघ्याच्या आतलं काहीतरी तुटलं. ऑपरेशन झालं, कुबड्या आल्या, कुबड्या गेल्या. आता तो राखाडी शर्टात कोपऱ्यात धावत होता, आणि क्लबने सांगून टाकलं होतं की या सराव-शिबिराच्या शेवटच्या दिवशी ज्याच्या अंगावर जाकीट नसेल, त्याने नवं घर शोधावं.

"माझा भाऊ तापाने फणफणला होता तेव्हा इतकी वाकली नव्हतीस गं वहिनी," नणंद मागून चिमटे तोंडात धरून बोलली. "पडशील खाली. मग तुझ्याच चादरीत गुंडाळून आणतील तुला."

"गप गं वन्सं. बघ, ती आली."

ती म्हणजे फिजिओबाई. उंच, केसांचा घट्ट अंबाडा, गळ्यात शिट्टी पण कधी न वाजवणारी. ती तळहाताने बोलायची. तळहात वर उचलला की भिंगरीने थांबायचं. खाली सोडला की निघायचं. गवतात केशरी शंकू मांडलेले असत. भिंगरी सरळ धावत शंकूपर्यंत यायचा आणि बाईचा तळहात वर जायचा. तो थांबायचा. मग चालत, एखाद्या विहिरीला वळसा घालावा तसा, शंकूला वळसा घालायचा. दिवसामागून दिवस हेच. मावशीला आधी वाटलं होतं, पोरगं घाबरलंय. मग तिने तळहात पाहिला आणि तिला उमगलं. वळायचंच नाही, असं ठरलेलं होतं. आधी चालत वळायचं, ते जमलं की सावकाश धावत, आणि ते जमलं की मगच जोरात. अन्न शिजायला ठेवून झाकण न उघडणाऱ्या बाईसारखी ती फिजिओबाई होती.

आणि मग ती दुपार आली.

सराव उरकला होता. लाल-हिरवी जाकिटं आत गेली होती, मैदानावर फक्त भिंगरी आणि फिजिओबाई. इकडे रस्त्यावर पिंप्याच्या दुकानापुढे चारपाच जण जमले, नव्या मोसमाची तयारी म्हणून. पिंप्याने पिंप गळ्यात अडकवलं आणि सहज, हात मोकळा करायला म्हणून, भिंगरीचं गाणं धरलं; बाकीचे गायला लागले. भिंतीअलीकडून ठेका भिंतीपलीकडे गेला.

मावशीने वरून पाहिलं. भिंगरी शंकूकडे सावकाश येत होता. त्याची मान वर झाली. खांदे बदलले. बाईचा तळहात वर गेला, पण तो बघतच नव्हता. तो सुटला. "घोडा" आला, पहिलं "फिर" आलं, दुसरं आलं...

तो फिरला, आणि खाली बसला. पडला नाही, एखादा म्हातारा बाकावर बसतो तसा हळूच, गुडघा दोन्ही हातांत धरून, बसला.

मावशीच्या हातातली ओली चादर फरशीवर पडली. खाली पिंप्या दुसरं कडवं वाजवत होता. मैदानावर बाई धावत गेली, बर्फाची पिशवी आली, आणि मग कितीतरी वेळ दोघं तशीच गवतात. त्यानंतर दोन दिवस राखाडी शर्ट दिसलाच नाही. तिसऱ्या दिवशी दिसला तेव्हा पुन्हा नुसतं चालणं.

त्या दिवशी मावशी कामावरून सुटली ती तडक टायरच्या दुकानात.

"पिंप्या, ते गाणं बंद करायचं. तो पुरता उभा राहीपर्यंत तरी."

पिंप्या ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता. त्याने मान वर केली. "कुठलं गाणं?"

"भिंगरीचं. त्याला ते ऐकवत नाही. म्हणजे ऐकलं की राहवत नाही. मी पाहिलं त्या दुपारी. तू वाजवत होतास आणि तो..."

तिने सगळं सांगितलं. पिंप्याचा चेहरा आधी उतरला आणि मग ताठ झाला. ट्यूब त्याने पाण्यातून काढली नाही.

"मावशी, म्हणजे माझ्या वाजवण्याने त्याचा गुडघा गेला असं म्हणतेस?"

"तुझ्या नाही रे. गाणं माझंच आहे."

"ते काही असो. अगं, पोर एकटं पडलंय त्या कोपऱ्यात. त्याला वाटत असेल, मला विसरले सगळे. आपली हाक म्हणजे औषध आहे त्याला. औषध बंद करतात का कधी?"

"करतात," मावशी म्हणाली. "मी हॉस्पिटलात काम करते. जास्त झालं की करतात."

पिंप्या हसला, पण डोळ्यांत हसू नव्हतं. "उघडा सराव येऊ दे. मग बघू कोण कुणाला बंद करतं."

शिबिराच्या शेवटच्या दिवशी क्लब फाटक उघडायचा. एकच सकाळ, एकाच बाजूची बाकं, आणि चाहत्यांनी शिस्तीत बसून बघायचं. त्या दिवशी मावशीची पाळी दुपारची होती. नणंद म्हणाली, मीही येते, इतकं काय सोनं लागलंय त्या कोपऱ्याला ते बघते तरी. आणि आली, हातात डबा, पायात कामाच्या रबरी चपला.

फाटकावरचे काका प्रत्येकाला तेच ऐकवत होते. "नव्या कोचचा हुकूम आहे. आवाज झाला की सगळे बाहेर. टाळी नाही, शिट्टी नाही. आणि तू रे, ते पिंप इथेच ठेव."

"काका, हे पिंप म्हणजे माझं पोट आहे."

"मग पोट इथे ठेवून आत जा."

लोक हसले. पिंप्याने पिंप काकांच्या खुर्चीशेजारी ठेवलं, त्यावर एकदा थोपटलं आणि आत आला. तो मावशीच्या मागच्याच बाकावर बसला. त्या बाकाच्या पायाशी जाहिरातीचा लांब पत्रा टाकलेला होता. पिंप्याचे पाय त्या पत्र्याला टेकले, आणि पत्रा हलकेच घुमला. मावशीने मान वळवून त्या पायांकडे पाहिलं.

मैदान खालून बघताना वेगळंच दिसतं. वरून सगळं नकाशासारखं स्वच्छ. इथे एकाच्या आड दुसरा. लाल जाकिटं सपासप चेंडू देत होती, हिरवी त्यांच्यामागे जीव खाऊन धावत होती. नवा कोच मधोमध, हात मागे बांधून, कुणाकडेच बघत नसल्यासारखा. त्याच्या खांद्यावर दोन जाकिटं टाकलेली होती, एक लाल, एक हिरवं. आणि अगदी बाकांसमोर, हाकेच्या अंतरावर, राखाडी शर्ट.

"हाच का तो?" नणंद कुजबुजली. "एवढासाच? मला वाटलं, केवढा असेल."

भिंगरी एवढासाच होता खरा. गुडघ्याला काळा पट्टा. त्याच्यासमोर तीन शंकू. फिजिओबाई बाकांकडे पाठ करून उभी, आणि तिचा तळहात तिच्याच अंगाआड. खालून तो कुणाला दिसत नव्हता. मावशीलाही नाही, पण तिला तिच्या कोपराची हालचाल पुरत होती.

भिंगरी पहिल्या शंकूशी आला. चालत वळला. लोकांनी श्वास सोडला.

दुसऱ्या शंकूकडे तो सावकाश धावत निघाला. जवळ आला. बाईचं कोपर वर गेलं. तो थांबला.

पुन्हा निघाला. पुन्हा कोपर वर. पुन्हा थांबला. बाई काहीतरी बोलली, त्याच्या पट्ट्याला हात लावला, पट्टा घट्ट केला. तो पुन्हा मागे गेला, पुन्हा निघाला, आणि पुन्हा थांबला.

बाकांवर चुळबुळ सुरू झाली. कोचने मान वळवली, राखाडी शर्टाकडे एकदा पाहिलं आणि मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"संपलं," मागून कुणीतरी पुटपुटलं. "भीती बसलीय मनात. वळत नाही तो आता."

"घड्याळ बघतोय कोच."

"आता पाठवणार बघ आत."

पिंप्या पुढे वाकला. त्याचा श्वास मावशीच्या मानेला लागत होता. "मावशी, उचल."

"नाही."

"अगं, तो घाबरलाय. बघवत नाही. उचल गाणं!"

"घाबरला नाहीये रे, ती थांबवतेय त्याला. तिचा हात बघ. सावकाशची पायरी चालू आहे. जोराची अजून यायचीय."

"मला काही हात दिसत नाही."

"मला माहीत आहे ना! रोज बघते मी."

"गायलो तर बाहेर काढतील," शेजारचा एक जण म्हणाला.

"आपल्याला काढू देत," पिंप्या म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. "त्याला तर ठेवतील! वर्षभर त्याने आपल्याला भरभरून दिलं. आज आपण गप्प बसायचं? हे असलं कसलं प्रेम तुझं मावशी?"

मावशीने मागे वळून त्याचं मनगट धरलं. टायरवाल्याचं मनगट ते. तिच्या दोन मुठींत मावेना. "पिंप्या, हात जोडते तुला. तिसरं 'फिर' त्याच्या गुडघ्याला झेपायचं नाही आज."

त्याने मनगट सोडवून घेतलं. रागाने नाही, हळूच, लहान मुलाच्या हातून कात्री काढून घ्यावी तसं. आणि पत्र्यावर टाच मारली.

धम्. धम्. धम्-धम्.

पत्रा घुमला तसा मैदानावरचा एकूण एक माणूस वळला. आणि बाकांवरच्या लोकांना एवढंच हवं होतं. इतके महिने कोंडलेलं सगळं गळ्याशी आलं.

*भिंगरी आली, भिंगरी आली...*

भिंगरीची मान वर झाली. मावशीने ती ओळखली. वरून पाहिली होती तीच मान, तेच खांदे. तो दुसऱ्या शंकूपासून मागे गेला, आणखी मागे, पार रेषेपर्यंत. आणि तिसऱ्या, लांबच्या शंकूकडे बघायला लागला. फिजिओबाई ओरडली. आवाज गाण्यात बुडाला. तिने दोन्ही हात वर केले. तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो सुटला.

*वाट सोडा, वाट सोडा...*

मावशी उभी राहिली. ओरडून थांबवावं? एकटीचा "थांबा" कोण ऐकणार? या गर्दीला शब्द ऐकू येत नाहीत, ठेका तेवढा ऐकू येतो. आणि ही सगळी गर्दी एका गोष्टीला सरावलेली होती: पुढची ओळ मावशी उचलते, बाकी सगळे तिच्यामागून. आताही, या क्षणीही, तिसरी ओळ यायच्या आधीच्या त्या इवल्याशा पोकळीत, सगळे कान तिच्याकडे होते.

तिला चादर दिसली. दोघी चालत एकमेकींकडे येतायत, आणि एकीने टोक आधीच सोडलं, की ती अख्खी चादर कशी भस्सकन जमिनीवर येते, कितीही नीट धरलेली असो.

तिने नणंदेचा दंड धरून तिला उभं केलं. "वन्सं, आजोबा! मोठ्याने!"

"काय?"

"आजोबांचं गाणं! गा!"

आणि पिंप्याची टाच खाली यायच्या आत, ठेक्याच्या आधीच, भलत्याच जागी, मावशीने आपला तो सगळं स्टेडियम उचलणारा आवाज लावला. म्हाताऱ्या गोलकीपरचं गाणं, सगळ्यांत संथ, पाळणा हलवावा तसं:

*आजोबा उभे दारात,*
*काठी नाही हातात...*

नणंदेला फुटबॉल कळत नव्हता, पण वहिनीचा हात कळत होता. तिने डबा छातीशी धरला आणि मावशीहून वरच्या पट्टीत सूर लावला. बेसूर, पण खणखणीत.

*चेंडू म्हणतो, येऊ का?*
*आजोबा म्हणती, बस घरात!*

पहिल्या बाकावरचे सवयीने मावशीमागून गेले. मागच्या बाकावरचे पिंप्याच्या टाचेबरोबर राहिले. मधले दोन्हीकडे ओढले गेले. "गिरकीत" आणि "दारात" एकमेकांवर आदळले. कुणीतरी "फिर" म्हणालं ते "बस घरात"वर पडलं, आणि एक बाई फस्सकन हसली. पिंप्याची टाच हवेत थबकली, खाली आली ती चुकीच्या जागी. गाणं भस्सकन जमिनीवर आलं.

भिंगरी तिसऱ्या शंकूच्या अलीकडे होता. त्याची पावलं अडखळली. पुढचं पाऊल कुठल्या ठेक्यावर टाकायचं ते पावलांनाच कळेना. त्याने एक आखूड पाऊल टाकलं, आणखी एक आखूड टाकलं, आणि सरळ, शंकूच्या शेजारून, न वळता पुढे जाऊन थांबला. कमरेवर हात. बाकांकडे बघत. चेहऱ्यावर झोपेतून कुणी हलवून उठवल्यासारखं काहीतरी.

फिजिओबाई त्याच्यापर्यंत पोहोचली होती. तिने त्याच्या दंडाला धरलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बाकांकडे वळून पाहिलं.

कोचने बोलायची तसदीही घेतली नाही. नुसतं फाटकाकडे बोट दाखवलं.

बाहेर रस्त्यावर सगळ्यांनी मावशीला घेरलं नाही. घेरलं असतं तर बरं झालं असतं. तिच्याभोवती थोडी जागा सोडून सगळे उभे राहिले.

"आपलंच गाणं तूच पाडलंस मावशी," एक जण म्हणाला.

"हसले ते लाल जाकीटवाले. ऐकू आलं मला."

"आता कोच म्हणणार, याच्यामागे हे असले लोक. नकोच हा पोरगा."

पिंप्याने पिंप उचललं. मावशीकडे न बघता म्हणाला, "त्याला कधी नव्हे ती आपली गरज होती. आणि तू नाक कापलंस." मग फाटकाच्या फटीला डोळा लावायला गेला. काकांनी आतून फट बुजवली होती.

नणंदच पुढे झाली. "ए टायरवाल्या! माझ्या वहिनीला बोलायचं काम माझं आहे, घरचं. तू तुझं पिंप सांभाळ." आणि मावशीला ओढत रस्त्यापलीकडे घेऊन गेली. "चल. इथे काही दिसत नाही. तुझी गच्ची काय तुझ्या सासऱ्याने बंद केलीय?"

चार जिने त्या धापा टाकत चढल्या. गच्चीवर सकाळच्या पाळीच्या चादरी हलत होत्या. मावशी त्यांच्यामधून, तोंडावर येणारं ओलं कापड बाजूला सारत, कठड्याशी पोहोचली.

नकाशा पुन्हा स्वच्छ होता. राखाडी शर्ट तिथेच होता, उभा. फिजिओबाई गुडघ्यावर बसून त्याचा पाय वाकवून बघत होती. मग ती उठली. कोच तिच्याजवळ आला होता. दोघं बोलत होते. कोचने पुन्हा घड्याळ पाहिलं. बाईने मान हलवली, आणि आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तळहात वर.

"काय करते ती?" नणंदेने विचारलं.

"थांब म्हणते."

"किती वेळ थांबायचं बाई, माणसाने!"

तळहात खाली आला. भिंगरी निघाला. सावकाश. दुसरा शंकू. तळहात खालीच. तो वळला, धावत, सावकाश, पण धावत. मावशीने नणंदेचा हात पकडला. तो पुन्हा मागे गेला. पुन्हा वळला. थोडा वेगात. पुन्हा. बाईने काहीतरी म्हटलं, तिसऱ्या शंकूकडे बोट केलं, आणि तळहात वर धरला. धरूनच ठेवला. मैदानावर बाकीचा खेळ थांबला होता. लाल जाकिटं हात कमरेवर ठेवून बघत होती. म्हातारा गोलकीपर आपल्या दारातून चालत पार मधल्या रेषेपर्यंत आला होता.

खाली रस्त्यावर फाटकाबाहेरचे लोक भिंतीकडे पाठ करून उभे होते. भिंतीपलीकडलं काही दिसत नव्हतं, म्हणून सगळे वर बघत होते. गच्चीकडे. कठड्याकडच्या दोरीकडे. पिंप्याच्या हातात काठी होती.

तळहात खाली आला.

भिंगरी धावला. कुठेही ठेका नव्हता. गाणं नव्हतं, टाळी नव्हती. त्याच्या पावलांचाच काय तो ठेका असेल, तोही इथवर ऐकू येत नव्हता. मावशीच्या ओठांवर आपोआप पहिलं "फिर" आलं. तिने ते दातांखाली धरलं. तो शंकूशी आला, उजवा पाय रोवला, अंग वळलं...

पायही वळला.

तो पलीकडे निघून गेला, आणखी थोडा धावला, आणि मग चालायला लागला. साधंसुधं चालणं. दोन्ही पायांवर सारखं.

"झालं?" नणंद म्हणाली. "एवढंच?"

मावशीने डोळ्यांना पदर लावला होता. तो तसाच खाली घेऊन तिने पुन्हा बघितलं. कोच भिंगरीकडे चालत येत होता. वाटेत त्याने खांद्यावरचं एक जाकीट काढलं, हातात धरलं, घडी उलगडली. भिंगरीने दोन्ही हात वर केले, आई सदरा घालताना लेकरू करतं तसे. जाकीट डोक्यावरून खाली आलं.

हिरवं.

"हिरवं म्हणजे वाईट का गं?" नणंदेने घाबरत विचारलं. "लाल हवं होतं ना?"

"हिरवं म्हणजे उद्या पुन्हा ये," मावशी म्हणाली.

ती वळली. थिएटरच्या हिरव्या चादरी वेगळ्या बादलीत होत्या, नुकत्या पिळलेल्या, जड. तिने एक उचलली. नणंदेने न सांगता दुसरं टोक धरलं. दोघींनी ताणली, एकदा झटकली, थेंब उडाले. आणि एका पावलात कठड्याकडच्या दोरीवर टाकली. दोरीचं गुणगुणणं थांबलं.

खालून आधी काहीच आलं नाही. मग कुणीतरी तोंडावर हात ठेवला, कुणी दुसऱ्याच्या पाठीत बुक्का घातला. एकाने हॉर्न वाजवायला गाडीकडे धाव घेतली. आणि पिंप्याने पिंप गळ्यात अडकवून काठी वर उचलली, पार डोक्याच्या वर.

मावशी कठड्यावरून वाकली. तिने तळहात वर केला.

पिंप्या थांबला. काठी वरच राहिली. भिंतीपलीकडे हिरव्या जाकिटातला भिंगरी हिरव्यांच्या घोळक्यात चालला होता, अजून श्वास खाली बसला नव्हता. मावशीने तळहात खाली आणला नाही.

मग पिंप्याने काठी हळूच खाली घेतली, काखेत धरली, आणि गाडीकडे धावणाऱ्याला कॉलर धरून मागे ओढलं. "गप रे," तो म्हणाल्याचं त्याच्या ओठांवरून दिसलं. सगळा रस्ता वर बघत, दात विचकून, चिडीचूप उभा होता.

"किती वेळ धरून ठेवणार आहेस हात?" नणंद म्हणाली. "पाळी सुरू झाली वहिनी. चादरी कोण, तुझी भिंगरी येऊन घालणार?"

"तो आत जाईपर्यंत," मावशी म्हणाली.